डावा ढकलतो, उजवा ओढतो

राजशेखर पट्टणशेट्टीच्या घरी स्पीकर आले ते गुळाच्या ट्रकमधून. चौऱ्याण्णव सालचा दसरा दोन दिवसांवर आला होता. शाहूपुरीतल्या त्याच्या अडतीचा गूळ मुंबईला उतरवून ट्रक रिकामा परत यायचा. त्यातच पोती अंथरून, वर गोधड्या टाकून ती दोन उंच खोकी मंगळवार पेठेत येऊन दाखल झाली. खोकी उघडली तेव्हा अर्धी गल्ली दारात उभी होती. छातीएवढे उंच, अक्रोडाच्या लाकडाचे, जमिनीवर उभे राहणारे दोन विलायती स्पीकर. प्रत्येकाच्या पोटाशी ताटाएवढा काळा पडदा आणि वर बोटाच्या पेरासारखा एक लहानगा. पोत्यांचा गूळ लाकडाला लागला होता, त्यामुळं पहिला महिनाभर त्यांच्यावर मुंग्यांची रांग असायची. राजशेखर रोज सकाळी ओल्या फडक्यानं त्यांना पुसायचा, आणि त्याची बायको अक्काताई दारातून म्हणायची, "माझ्या बाळंतपणात एवढी सेवा झाली न्हाय."

त्यांना वाजतं करायचा मुहूर्त दसऱ्याच्या सकाळचा होता. काम तसं साधं. अॅम्प्लिफायरपासून प्रत्येक स्पीकरला एक वायर, आणि प्रत्येक वायरीत दोन तारा, एक लाल आणि एक काळी. लाल तार लाल खुंटीला, काळी तार काळ्या खुंटीला. पण राजशेखरची आई, जिला सगळं घर अव्वा म्हणायचं, ओवाळणीचं ताट घेऊन आली आणि काळी तार बघून जागीच थांबली.

"नव्या वस्तूला सणादिवशी काळं जोडायचं न्हाय," अव्वा म्हणाली.

"अव्वा, यंत्र हाय ते. त्याला काळं-तांबडं कळत न्हाय."

"त्याला कळत नसंल. मला कळतंय की." आणि तिनं ताट खाली ठेवून दिलं.

मुहूर्त टळायला दहा मिनिटं होती. निपाणीकडच्या त्या अव्वापुढं गुळाच्या सौद्यात भल्याभल्यांना वाकवणाऱ्या राजशेखरचं कधी काही चाललं नव्हतं. त्यानं देवघरातल्या मखराची पिवळी चिकटपट्टी आणली आणि तारांच्या टोकांना गुंडाळून टाकली, लाल आणि काळ्या दोन्हींना. खुंट्यांवर अव्वानं आपल्या हातानं हळदकुंकू वाहिलं. मग स्पीकरामागं भिंतीच्या फटीत हात घालून, घामाघूम होत, हाताला लागतील तशा राजशेखरनं पिवळ्या तारा पिवळ्या खुंट्यांना जोडल्या. बटण दाबलं. दोन्हींतून आवाज आला. अव्वानं ओवाळलं, सगळ्यांनी एकमेकांना सोनं दिलं, आणि त्या तारांचा विचार पुढं अकरा वर्षं त्या घरात कुणाच्या मनात आला नाही.

त्यानंतरचे रविवार. ते आठवले की राजशेखरचा जीव अजून हळहळायचा. मार्केट यार्डाला सुट्टी, रस्त्यावर गवळ्याच्या म्हशी, अक्काताईच्या उप्पीटाचा वास, आणि नऊच्या ठोक्याला माळ्यावरच्या त्या लहानशा खोलीत जमलेले चौघं. खोली एवढी अरुंद, की दोन स्पीकरांत जेमतेम पाच फुटांचं अंतर ठेवता आलं होतं. समोर बरोबर मध्ये वेताची एक खुर्ची. ती मालकाची. बाकीच्यांना सतरंजी.

बाकीचे म्हणजे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक गणपतराव, ज्यांच्याकडं स्पीकरांवरचं एक इंग्रजी मासिक टपालानं यायचं. दुसरा चपलांचा दुकानदार जोतीराम, ज्याला स्वतःचं मत म्हणून नव्हतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. आणि तिसरा कृष्णात, राजशेखरचा शाळेपासूनचा दोस्त.

कृष्णात मूळचा बिद्रीचा. मामाकडं राहून कोल्हापुरात शिकला आणि शिरोलीच्या एका फाउंड्रीत लागला. त्याचं काम फार मजेशीर होतं. भट्टीतून निघालेला प्रत्येक तुकडा तो लहान हातोडीनं ठोकायचा आणि ऐकायचा. आत भेग असली, कुठं पोकळ राहिलं असलं की आवाज बदलतो म्हणे. दिवसाला हजारभर तुकडे. टणक, टणक, टणक, आणि मधेच एखादा बाजूला. बावीस वर्षांत त्यानं बाजूला काढलेला तुकडा चांगला निघाला असं कधी झालं नव्हतं.

या मंडळाचे दोन नियम होते. रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. शिंक आली तरी जिन्यात जाऊन द्यायची. आणि बाजू संपली की श्रवणवही फिरायची. लांबलचक, कापडी पुठ्ठ्याची ती वही राजशेखरनं मुद्दाम बांधून घेतली होती. प्रत्येकानं आपला अभिप्राय लिहायचा, खाली सही करायची. मालक स्वतः लिहीत नसे. मालकानं वाचायचं.

पहिल्यांदा गणपतराव लिहायचे. पहिल्याच रविवारी त्यांनी लिहिलं, 'गायिकेचा स्वर स्पीकरातून येतो असे वाटतच नाही. तो साऱ्या खोलीतून, भिंतीभिंतीतून पाझरतो. अशी अनुभूती केवळ उच्च कोटीच्या यंत्रातच शक्य.' मग वही जोतीरामकडं गेली. त्यानं वरचं वाचून लिहिलं, 'भिंतीतून पाझरतो हे अगदी खरे.' त्यानंतर जो जो पाहुणा आला, तलाठी आला, डॉक्टर आला, त्या प्रत्येकानं आधी वरचं वाचलं आणि मग भिंतींकडं बघत मान हलवली. पाझरणाऱ्या आवाजाचे पट्टणशेट्टी म्हणून राजशेखरचं नाव पार सांगलीपर्यंत गेलं. तो मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसायचा आणि त्यालाही पाझरताना ऐकू यायचं. सुख म्हणतात ते आणखी काय असतं.

फक्त कृष्णात कधी नीट लिहायचा नाही. 'ठीक' लिहायचा, नाहीतर नुसती सही. एकदा जिन्यात तो म्हणाला, "शेखर, डग्गा पोकळ वाटतोय रं."

"गणपतीतले भोंगे ऐकून कान बसलेत तुझे," राजशेखर म्हणाला. "विलायती स्पीकर हाय. तो सभ्य वाजतो."

"असंल," कृष्णात म्हणाला आणि चपला घालून गेला.

सत्त्याण्णवच्या माघात पुण्याहून तिघं रसिक आले. स्पीकरांसाठी म्हणून गावोगाव फिरणारे, हातात चामडी पिशव्या, बोलणं हळू. राजशेखरनं आठवडाभर आधी खोली धुऊन घेतली होती. यमनची एक बाजू झाली. वही फिरली. गणपतरावांनी लिहिलं, पुणेकरांनी वरचं वाचलं, भिंतींकडं बघितलं, आणि त्यांनीही पाझरण्यावर शिक्कामोर्तब केलं. शेवटी वही कृष्णातकडं आली. त्यानं ती मांडीवर ठेवली, पण लिहिलं नाही. तो म्हणाला, "जरा परत लावा. सुरवातीचं, तबला येतो तिथलं."

आणि सगळ्यांच्या देखत तो उठून दोन स्पीकरांच्या मध्ये जमिनीवर जाऊन बसला. दोन्ही हात पसरले आणि एकेका पडद्याला बोटं अलगद टेकली. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसासारखा बसला होता तो. पुणेकर एकमेकांकडं बघायला लागले. राजशेखरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दोन-तीन मिनिटांनी कृष्णात उठला, बोटं धोतराला पुसली आणि वहीत सावकाश लिहिलं. राजशेखरनं ते मोठ्यानं वाचायला घेतलं, कारण तसा रिवाज होता.

'डावा ढकलतो तेव्हा उजवा ओढतो. दोघांचं भांडण आहे. त्यामुळे बाई कुठे बसली आहे ते कळत नाही आणि डग्गा मेला आहे. तारा तपासाव्यात.'

 मग गणपतराव जरा हसले आणि म्हणाले, "हे जरा वेगळंच परीक्षण झालं." पुणेकरांपैकी एकजण रुमालाआड हसला.

तो रुमाल राजशेखरला सहन झाला नाही. "कृष्णात," तो म्हणाला, "लोखंड ठोकून ऐकणाऱ्यानं लोखंडच ऐकावं. गाण्यात पडू नये."

कृष्णातनं त्याच्याकडं बघितलं. रागानं नव्हे, एखाद्या तुकड्याचा आवाज बदलला की बघत असेल तसं. वही खाली ठेवली, सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली आणि तो जिना उतरून गेला. खाली अक्काताई म्हणाली, "भावजी, उप्पीट खाऊन जावा की." त्यानं खाल्लं नाही. त्या संध्याकाळी राजशेखरनं दिनदर्शिकेचं कोरं पान कापून, खळ लावून, कृष्णातच्या अभिप्रायावर चिकटवून टाकलं.

पुढचा रविवार आला, कृष्णात आला नाही. त्याच्या पुढचाही आला आणि गेला. राजशेखरला वाटत होतं, जातोय कुठं, येईल. कृष्णातला काय वाटत होतं ते कुणाला ठाऊक नाही. एकाच गावात दोन माणसं आठ वर्षं एकमेकांना टाळू शकतात, हे कोल्हापूरसारख्या गावात तरी खरं वाटू नये, पण झालं तसं. गंगावेशीत एकदा समोरासमोर आले तेव्हा दोघांनाही अचानक दुकानांच्या पाट्या वाचायची हौस आली.

रविवार हळूहळू सुकत गेले. घरोघरी केबल आली, जोतीरामची गिऱ्हाइकं रविवारी वाढली, गणपतरावांचं मासिक बंद पडलं. अव्वा गेली. दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर श्रवणवहीत एकही अभिप्राय नाही. राजशेखर अजून कधीतरी एकटाच वर जाऊन रेकॉर्ड लावायचा. पण एकट्यानं ऐकलं की खोलीभर पाझरणारा तो आवाज त्याला चुकल्यासारखा वाटायचा, कुणाला तरी शोधत फिरल्यासारखा. त्याला वाटायचं, आपलं वय झालं.

दोन हजार पाच साली थोरल्या मुलीच्या, शांभवीच्या, लग्नासाठी घराचं रंगकाम काढलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा स्पीकर जागचे हलले. मागच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या निघाल्या. नवी वायर आणायला राजशेखर राजारामपुरीत गेला तेव्हा दुकानदार म्हणाला, "अण्णा, जोडायच्या आधी बॅटरीचा शेल लावून बघा. तारांची टोकं शेलला टेकवली की पडदा हलतोय. दोन्ही पडदे एकाच बाजूला हलले पायजेत. एक भाईर आनि एक आत गेला, तर वायर उलटी."

घरी येऊन त्यानं सहज, गंमत म्हणून, आधी जुन्याच वायरींना शेल टेकवला. अॅम्प्लिफायरकडच्या टोकांना, होती तशीच. डाव्या स्पीकरचा पडदा टक् करून बाहेर आला. उजव्याचा टक् करून आत गेला.

त्यानं शेल बदलला. टॉर्चमधला दुसरा घेतला. डावा बाहेर, उजवा आत. मग तो स्पीकरामागं वाकला, उजव्या स्पीकरच्या तारांवरची चिकटपट्टी नखानं सोलली, आणि वाळलेल्या हळदीखालून काळी तार लाल खुंटीत बसलेली दिसली. रंगाच्या डब्यांमध्ये तो तसाच फरशीवर बसून राहिला. दसऱ्याची ती सकाळ त्याला सगळीच्या सगळी आठवली, अव्वाच्या हातातल्या ताटासकट.

नंतर त्यानं वही शोधून काढली. चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून दिनदर्शिकेचं पान सोडवलं. खाली कृष्णातचं अक्षर होतं तसंच होतं. 'तारा तपासाव्यात.' दोन शब्द. आठ वर्षं हे दोन शब्द खळीखाली पडून होते आणि वर तो मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसत होता. राजशेखरला आपली इतकी लाज कधी वाटली नव्हती.

अक्काताईला त्यानं सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "मग जावा की," ती म्हणाली. "मला सांगून काय उपेग? मी काय आठ वर्सं रुसून बसली न्हवती."

कृष्णात नोकरी सोडून बिद्रीला राहायला गेला होता. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होता, हवेत मळीचा उग्र वास. ओसरीवर कृष्णात दोरी वळत बसलेला. केस पांढरे झाले होते, बोटं तशीच होती, लांब आणि सावध. राजशेखरला बघून तो उठला, बसायला घोंगडं झटकलं आणि हसला. त्याची बायको अंबूबाई चहा ठेवायला आत गेली तेवढ्यात राजशेखरनं जमिनीकडं बघत, वाटभर जुळवून आणलेलं बोलून टाकलं. "कृष्णात, त्या दिवशी मी बोललो ते लई वाईट बोललो. मनातनं जात न्हाय माझ्या. माफ कर."

"व्हय, व्हय," कृष्णात म्हणाला.

राजशेखरनं वर बघितलं. कृष्णात दोरीला पीळ देत होता. एवढ्या ओझ्याच्या बदल्यात दोन व्हय. अजून आत राग आहे, त्याला वाटलं, आणि तो असायचाच. तारांचं त्यानं सांगितलं नाही. ते त्यानं मनाशी राखून ठेवलं होतं. चहा पिताना तो अंबूबाईला म्हणाला, "येत्या रविवारी पाठवा ह्याला. स्पीकर ऐकायला. सगळी जुनी मंडळी बोलावल्यात." अंबूबाईनं तोंड कृष्णातजवळ नेऊन काहीतरी सांगितलं, आणि कृष्णातनं मान हलवली. "येतो की."

राजशेखरचा बेत असा होता. नव्या वायरी मुद्दाम जुन्या चुकीसारख्याच जोडायच्या. तीच यमनची रेकॉर्ड लावायची. सगळ्यांच्या समोर कृष्णातला मधल्या खुर्चीत बसवायचं. तो ऐकेल आणि लिहील, उलटं आहे म्हणून. गणपतराव पुन्हा हसतील. आणि मग मालकानं उठायचं, मागच्या तारा ओढून दाखवायच्या आणि म्हणायचं, ह्यानं सांगितलं ते आठ वर्षांपूर्वी खरं होतं आणि आजही खरं आहे. ज्यांच्या देखत त्याचं मत काढून घेतलं, त्यांच्याच देखत त्याला ते परत द्यायचं. आठवडाभर राजशेखर मनात ही वाक्यं घोटत होता.

रविवारी सगळे आले. गणपतरावांच्या हातात काठी होती, जोतीराम सुटला होता. खोलीला ताज्या रंगाचा वास. राजशेखरनं कृष्णातचा दंड धरून त्याला वेताच्या खुर्चीत बसवलं तेव्हा गणपतरावांच्या भुवया वर गेल्या, कारण त्या खुर्चीत मालकाशिवाय कुणी बसलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. स्वतः राजशेखर सतरंजीवर बसला. तिथून त्याला एकटा उजवा स्पीकरच ऐकू येत होता. एवढी वर्षं बाकीच्यांनी हेच ऐकलं असणार, आणि तरी ते भिंतींचं लिहीत आले.

बाजू संपली. वही फिरली. गणपतरावांनी लिहिलं, जोतीरामनं वरचं वाचून लिहिलं. कृष्णातनं वही घेतली आणि लिहिलं. राजशेखर उठून वाचायला गेला. 

'फार सुंदर. कसलाही दोष नाही.'

त्यानं ते पुन्हा वाचलं. गणपतरावांनी मान वाकवून बघितलं आणि ते समाधानानं म्हणाले, "वा. आता तरी कृष्णातरावांना पटलं म्हणायचं. यंत्र तेच, कान तयार व्हायला वेळ लागतो."

कृष्णात सगळ्यांकडं बघून हसत होता. कोण काय बोलतंय ते ओठांवरून पकडायला बघतो, तसं हसणं. आणि राजशेखरला एकदम सगळं उमगलं. बिद्रीच्या ओसरीवरचे ते व्हय व्हय. अंबूबाईचं तोंड जवळ नेणं. तीस वर्षं भट्ट्यांच्या आणि हातोड्यांच्या गदारोळात घालवलेले ते कान.

आता गप्प बसणं किती सोपं होतं. वहीत लिहिलेलं होतं, सही होती. मालकाचा स्पीकर निर्दोष, तोही कृष्णातच्या अक्षरात. राजशेखरनं वही मिटली. कृष्णातपुढं उकिडवा बसला, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्याला खुर्चीतून उठवून दोन स्पीकरांच्या मध्ये नेऊन बसवलं. त्याचा डावा हात एका पडद्यावर ठेवला, उजवा दुसऱ्यावर. मग सुई पुन्हा सुरवातीला आणली, तबला येतो तिथं.

कृष्णातनं डोळे मिटले. बोटं पडद्यांवर नुसती टेकलेली. दोन आवर्तनं गेली असतील, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं ते पाहुण्यासारखं हसू गेलं.

"शेखर," तो मोठ्यानं म्हणाला, बहिरी माणसं बोलतात तसं, "आरं, अजून उलटंच हाय की हे. तारा बघितल्या न्हाईस?"

गणपतरावांनी काठी जमिनीवर टेकवली. जोतीराम पहिल्यांदाच काही न वाचता म्हणाला, "उलटं?"

राजशेखर स्पीकरामागं गेला. उजव्याच्या दोन तारा काढल्या आणि अदलाबदल करून लावल्या, लाल लालला, काळी काळीला. तेवढं करायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. सुई तिसऱ्यांदा सुरवातीला आली.

आधी डग्गा आला, खोल आणि भरलेला, फरशीतून मांडीला जाणवणारा. आणि मग बाई गायला लागल्या. भिंतीतून नाही, खोलीभर नाही. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, हात पसरून बसलेल्या कृष्णातच्या जागेवरून, जणू त्याच्याच छातीतून तो सूर येत होता. राजशेखर नकळत मधल्या खुर्चीत बसला होता. समोर कृष्णात, आणि कृष्णातच्या ठिकाणी बाई. अकरा वर्षं ज्या आवाजाला बसायला जागा नव्हती तो जागेवर येऊन बसला. राजशेखरच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं ते पुसलं नाही.

"आता दोगं मिळून ढकलत्यात," कृष्णात म्हणाला. "भांडान मिटलं." मग जरा खाली मान घालून म्हणाला, "कान गेल्यात रं माझे. तीन वर्सं झाली. शेवटची दोन वर्सं तर बोटावरच नोकरी केली, कुणाला कळू दिलं न्हाय. तू आलतास ते काय बोललास, निम्मं कळलं न्हाय. अंबू म्हनली स्पीकर ऐकाय बोलवलंय. म्हटलं, जायचं आनि चांगलं म्हनायचं. परत कशाला तुझा जीव दुखवायचा."

रेकॉर्डची बाजू संपायला अजून दहा मिनिटं होती. बाजू संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, हा राजशेखरनंच घातलेला नियम. तो खुर्चीतून उठला, कृष्णातच्या समोर बसला आणि यार्डात लिलाव पुकारताना लावायचा तसा आवाज लावून म्हणाला, "कृष्णात, चूक माझी होती. तुझं बरोबर होतं."

"आं?"

"चूक माझी होती. तारा मीच उलट्या लावलेल्या. अकरा वर्सं."

"आं?"

"तू खरं लिहिलंस आणि मी तुला हाकलला. माझं चुकलं, कृष्णात." एवढं ओरडून बोलायची त्याला सवय राहिली नव्हती, घसा फाटला. खाली गल्लीत कुणीतरी सायकल थांबवली. समोरच्या गॅलरीतून एक बाई डोकावली. मागं बाई गातच होत्या.

जिन्यात उप्पीटाच्या ताटल्या घेऊन अक्काताई उभी होती. "सगळ्या पेठंला कळलं," ती म्हणाली. "ज्याला कळायला पायजे त्याला कळलं का बघा."

कृष्णातनं पडद्यांवरची बोटं काढली नव्हती. तो राजशेखरकडं बघत होता, आणि त्याच्या मिशीखाली शाळेतलं ते जुनं हसू हळूच यायला लागलं होतं.

"पहिल्याच वेळंला कळलं की," तो म्हणाला. "आठ वर्सं वाट बघितली होती. म्हटलं, दोनदा-तीनदा ऐकून घ्यावं."

राजशेखरनं वही उघडली. आज पहिल्यांदा मालक लिहिणार होता. पण अक्काताईनं ती त्याच्या हातातून घेतली, बाजूला ठेवली आणि पहिली ताटली कृष्णातच्या पुढं सरकवली. "भावजी, आधी हे खावा," ती त्याच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली. "आठ वर्सांचं थंड झालंय."